पाहुणे नव्हे, यात्रेकरू!

मुलांनो, सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पहिले दोन दिवस वर्गात अभ्यास होतच नाही. होऊच शकत नाही! ज्याच्या त्याच्या पोटात गोष्टी मावत नसतात. कुणी मामाच्या गावाला जाऊन आलेलं असतं, कुणी शेगावला, कुणी चिखलदऱ्याला. आणि एखादा भाग्यवान थेट मुंबईला!

"काय काय पाहिलं रे मुंबईत?" असं विचारलं की यादी सुरू होते. राणीची बाग, गेटवे, चौपाटी, म्हातारीचा बूट. भराभरा, पाढे म्हटल्यासारखी. मग मी हळूच विचारते, "बरं, मुंबई कशी वाटली?" की झालं. पाढे थांबतात. "छान वाटली, बाई." एवढंच.

आणि जी मुलं कुठंच गेलेली नसतात, ती खाली मान घालून बसतात. एखादी हळूच पुटपुटते, "आपल्या इथं पाहाले हायेच काय?"

मुलांनो, एखादं शहर पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या एका जोडप्याची गोष्ट आज सांगते. ते सातासमुद्रापलीकडून आपल्या देशात आले होते. मुंबई त्यांच्यासाठी अगदी नवी होती. आणि गंमत अशी, की त्यांच्या या प्रवासाचं एक टोक आपल्या वर्ध्यात सापडतं!

कोण होते हे दोघं?

त्यांचं नाव मार्टिन ल्यूथर किंग, आणि तिचं कोरेटा. अमेरिकेत राहणारं नवराबायकोचं जोडपं. १९५९ साली ते भारतात आले, तेव्हा मार्टिन ३० वर्षांचे होते आणि कोरेटा ३१ वर्षांच्या. मार्टिन चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. कोरेटांनी बोस्टन शहरात राहून गाण्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं. घरी दोन लहान मुलं होती. तुमच्याआमच्यासारखंच घर म्हणा ना!

पण त्या घरावर एकदा बाँब पडला होता.

का? तर ऐका. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांनी बसमध्ये मागच्या बाजूला बसायचं, अशी रीत होती. गोऱ्या प्रवाशाला जागा कमी पडली, तर काळ्या माणसानं उठून उभं राहायचं. तिकिटाचे पैसे मात्र दोघांना सारखेच! १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी गावात रोझा पार्क्स नावाच्या बाईंनी उठायला नकार दिला. त्या शिवणकाम करत. त्यांना पोलिसांनी पकडलं. मग गावातल्या काळ्या लोकांनी ठरवलं, बसमध्ये बसायचंच नाही! चालत जाऊ, पाय दुखले तरी चालेल. एक नाही, दोन नाही, ३८१ दिवस लोक चालले. त्यांचे पुढारी होते हे तरुण किंग.

त्या लढ्यात ३० जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांच्या घराच्या ओसरीवर बाँब फुटला. कोरेटा आणि तान्ही मुलगी घरातच होत्या. नशीब म्हणून वाचल्या. बाहेर चिडलेला जमाव गोळा झाला. किंग सभेहून धावत आले. त्यांनी लोकांना सांगितलं, हत्यारं घरी न्या, आपण द्वेषाला द्वेषानं उत्तर द्यायचं नाही. ३० जानेवारी ही तारीख तुम्हाला ओळखीची आहे ना? आठ वर्षांपूर्वी त्याच तारखेला आपले गांधीजी गेले होते.

किंग यांना हा मार्ग सुचला कुठून? इथं आपला वर्धा येतो.

वर्ध्याचा धागा

१९३६ सालच्या अखेरची गोष्ट. बेंजामिन मेझ नावाचे एक काळे प्राध्यापक अमेरिकेहून भारतात आले होते. त्यांचे आईवडील जन्माने गुलाम होते. म्हणजे बाजारात विकत घेतली जाणारी माणसं! विचार करा. अशा घरातला मुलगा शिकून प्राध्यापक झाला आणि वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटला. दीड तास दोघं बोलत होते. अहिंसा म्हणजे नक्की काय, ती दुबळ्याची की बलवानाची, एकट्यानं पाळायची की हजारोंनी मिळून, असे प्रश्न मेझ विचारत होते.

मेझ परत गेले. पुढं १९४० साली ते अटलांटा शहरातल्या मोअरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले. आणि १९४४ साली त्या कॉलेजात पंधरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. मार्टिन ल्यूथर किंग! मेझ प्रार्थनेच्या वेळी मुलांशी बोलत, तेव्हा तो कान देऊन ऐकत असे. आयुष्यभर त्यानं मेझ यांना गुरू मानलं.

दुसरा धागा आपल्या नागपूरचा. जेम्स लॉसन नावाचा एक काळा अमेरिकी तरुण १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तो तिथं शिकवायचा आणि मुलांना खेळाचे धडे द्यायचा. माँटगोमेरीच्या लढ्याची बातमी त्यानं नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली! पुढं तो मायदेशी गेला, किंग यांना भेटला आणि अमेरिकेतल्या शेकडो विद्यार्थ्यांना त्यानं अहिंसेनं लढायचं शिक्षण दिलं. हे लॉसन २०२४ साली वारले, तेव्हा त्यांचं वय ९५ होतं.

आता सांगा, आपल्याकडं पाहायला काय आहे म्हणता?

मुंबईतली पहिली रात्र

तर हे किंग जोडपं ३ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्कहून निघालं. त्यांच्याबरोबर लॉरेन्स रेडिक नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. खरं तर काही महिन्यांपूर्वीच किंग मरणाच्या दारातून परत आले होते. सप्टेंबर १९५८ मध्ये एका मनोरुग्ण बाईनं त्यांच्या छातीत धारदार पातं खुपसलं होतं. साधी शिंक आली असती तरी प्राण गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. जरा बरं वाटताच या माणसानं काय ठरवलं? आराम? छे! गांधींचा देश पाहायचा.

जायचं होतं दिल्लीला. पण वाटेत धुक्यामुळं विमान चुकलं आणि ९ फेब्रुवारीच्या रात्री ते उतरले मुंबईत. विमानतळावरून मोटार निघाली ती थेट ताजमहाल हॉटेलकडं. गेटवेसमोरचं ते मोठं हॉटेल तुम्ही चित्रात तरी पाहिलं असेलच. पाहुणे आपल्याच नादात असते, तर त्यांना दिव्यांची रांग दिसली असती, समुद्र दिसला असता.

पण या दोघांना दिसली ती फुटपाथवर झोपलेली माणसं. रांगाच्या रांगा. अंगावर धड कपडा नाही, उशाला दगड. त्या रात्रीचं दृश्य दोघं कधी विसरले नाहीत. कोरेटांनी पुढं आपल्या आठवणींमध्ये ते लिहून ठेवलं. आणि मार्टिन? त्यांना आपला देश आठवला. अमेरिकेत तेव्हा धान्य इतकं पिकायचं, की उरलेलं धान्य नुसतं साठवून ठेवायला रोज दहा लाख डॉलर खर्च व्हायचे. नंतर कित्येक भाषणांत ते आपल्या लोकांना सांगत, हे धान्य फुकटात कुठं साठवायचं ते मला ठाऊक आहे. उपाशी माणसांच्या खपाटीला गेलेल्या पोटांत!

पाहा मुलांनो, शहर तेच. रस्ता तोच. त्या रस्त्यानं रोज हजारो लोक जात होते. पण या दोघांनी नुसतं पाहिलं नाही, तर जे पाहिलं ते आपल्या घराशी जोडलं. दुसऱ्याची गरिबी पाहून नाकाला रुमाल लावणं सोपं असतं. यात माझ्या देशाचं काय चुकतं, मी काय करू शकतो, हा प्रश्न अवघड असतो.

दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोचल्यावर किंग पत्रकारांना म्हणाले, की दुसऱ्या देशांत मी प्रवासी म्हणून जाईन, पण भारतात मी यात्रेकरू म्हणून आलो आहे. आपल्याकडं आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट चालणारी माणसं असतात ना? ती काही सहलीला निघालेली नसतात. वारकरी परत येतो तेव्हा थोडा बदललेला असतो. किंग यांना तेच म्हणायचं होतं.

महिनाभराची वारी

मग सुरू झाली भारतभर भटकंती. नकाशा उघडा आणि बोट फिरवा बरं! दिल्ली, पाटणा, गया, शांतिनिकेतन, कलकत्ता, मद्रास, मदुराई, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी, बंगलोर, मुंबई, अहमदाबाद. ही त्या वेळची नावं. यातल्या काही शहरांची नावं आज बदलली आहेत. कोणती, ते तुम्ही शोधा.

दिल्लीत त्यांनी पंतप्रधान नेहरूंबरोबर जेवण केलं, राजघाटावर फुलं वाहिली. ठिकठिकाणी किंग भाषण करत आणि कोरेटा गात. काळ्या लोकांची जुनी भक्तिगीतं, गुलामीच्या दिवसांत शेतात राबताना जन्मलेली. माझ्या भाषणांइतकीच कोरेटाची गाणी झाली, असं किंग यांनीच गमतीनं लिहिलं आहे. भाषा कळो न कळो, आपल्याकडच्या लोकांना ती गाणी भावत. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला कष्टातून आलेलं गाणं ओळखायला वेळ लागत नाही.

कन्याकुमारीला तर एक नवलच घडलं. पौर्णिमेचे दिवस होते. संध्याकाळी दोघं समुद्रकाठी खडकावर बसले होते. पश्चिमेला सूर्य पाण्यात बुडत होता. अंधार पडू लागला, आणि एवढ्यात पूर्वेला पाण्यातून चंद्र वर आला! एक दिवा मालवला, तर दुसरा लागला. अमेरिकेत गेल्यावर किंग यांनी ही गोष्ट आपल्या चर्चमध्ये सांगितली. अंधार कितीही दाटला तरी देव एखादा दिवा लावून ठेवतोच, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. (हे दृश्य पौर्णिमेच्या सुमारासच का दिसतं? विज्ञानाच्या वहीत आकृती काढून पाहा. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र!)

आणि एक गोष्ट त्रिवेंद्रमची. किंग यांनी १९६५ साली ती एका प्रवचनात सांगितली. ते एका शाळेत गेले होते. तिथं शिकणारी बरीच मुलं अशा घरांतली होती, ज्यांना पूर्वी अस्पृश्य म्हणत. मुख्याध्यापकांनी मुलांना पाहुण्यांची ओळख करून दिली. म्हणाले, अमेरिकेतला तुमच्यासारखाच एक अस्पृश्य बांधव आज आपल्याकडं आला आहे.

किंग चपापले. त्यांना जरा रागही आला. मी? अस्पृश्य? काल-परवा तर मी पंतप्रधानांच्या पंगतीला होतो! पण मग त्यांना आपले दोन कोटी काळे बांधव आठवले. गलिच्छ वस्त्यांत कोंडलेले, चांगल्या शाळेत प्रवेश न मिळणारे, हॉटेलच्या दारातून परत पाठवले जाणारे. आणि ते मनाशी म्हणाले, हो, मी अस्पृश्य आहे. माझ्या देशातला प्रत्येक काळा माणूस अस्पृश्य आहे.

मुलांनो, इथं जरा थांबा. ही गोष्ट वाचून "अमेरिकेत किती वाईट!" असं म्हणून पान उलटू नका. मुख्याध्यापकांनी वापरलेला तो शब्द अमेरिकेतून आलेला नव्हता. तो आपला होता. परदेशच्या पाहुण्याला आपल्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं. मग त्याच आरशात आपणही डोकावायला नको का? डबा खाताना गोलात कोण बसतं आणि कोण कडेला बसतं? पाण्याच्या माठाला हात लावताना कुणी कुणाला टोकतं का? याचं उत्तर मला नका सांगू. स्वतःला सांगा.

मणिभवनातली रात्र

फेब्रुवारीच्या शेवटी किंग जोडपं पुन्हा मुंबईत आलं. मुंबईत उतरायला मोठमोठी हॉटेलं होती. पण या वेळी त्यांची रात्र गेली गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवर, एका साध्या दुमजली घरात. त्याचं नाव मणिभवन.

हे घर रेवाशंकर झवेरी यांचं. १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजी मुंबईत आले की इथं उतरत. या घरावरून रोज एक पिंजारी आपली धनुकली घेऊन जायचा. त्याच्याकडून गांधीजींनी कापूस पिंजायचं काम समजून घेतलं. तुम्ही तर कपाशीच्या मुलखातली मुलं. पिंजण, पेळू, चरखा हे तुमच्या आजीच्या ओळखीचे शब्द. याच घराच्या गच्चीवर तंबूत गांधीजी झोपलेले असताना ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना अटक केली. आता तिथं संग्रहालय आहे. गांधीजींची खोली जशीच्या तशी ठेवली आहे. गादी, चरखे, छोटं डेस्क. बस्स.

किंग यांनी या घरात मुक्काम करायची इच्छा सांगितली आणि दोघांनी तिथं रात्र काढली. जाताना अभिप्रायाच्या वहीत त्यांनी लिहिलं, की गांधीजी जिथं झोपले त्या घरात झोपायला मिळणं हा अनुभव मी कधीही विसरणार नाही.

ताजमध्येही त्यांनी एक रात्र काढली होती. पण वहीत जपून ठेवावी अशी रात्र ठरली ती मणिभवनातली!

पुढं ५१ वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, आणखी एक अमेरिकी जोडपं मणिभवनात आलं. बराक ओबामा आणि मिशेल ओबामा. अमेरिकेचे पहिले काळे राष्ट्राध्यक्ष. त्यांना ती जुनी वही दाखवली. किंग यांचं हस्ताक्षर त्यांनी पाहिलं. ज्या देशात काळ्या माणसाला बसच्या मागच्या बाजूला बसावं लागे, त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष ते पान वाचत होता. वही बोलली असती, तर काय म्हणाली असती?

मुंबईहून किंग जोडपं साबरमतीला गेलं. तिथून राजस्थानात. तिथं विनोबा भावे भूदानासाठी गावोगाव पायी फिरत होते. म्हणजे आपले पवनारचे विनोबा! किशनगढजवळ त्यांची भेट झाली. १० मार्चला भारताचा निरोप घेऊन दोघं निघाले. पुढं १९६४ साली किंग यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरात त्यांना गोळी घालण्यात आली. ते अवघे ३९ वर्षांचे होते. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी भाषण करायला उभे राहिले ते वर्ध्याला येऊन गेलेले म्हातारे मेझ गुरुजी. कोरेटांनी मात्र लढा सोडला नाही. २००६ साली त्या वारल्या, तोवर त्या हेच काम करत राहिल्या.

आता आपली पाळी

आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का. मुलांना घेऊन लांब जाणं प्रत्येकाला परवडत नाही. परवडलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सेवाग्राम वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर आहे. तिथं आपण सहल नेतो, झाडाखाली डबे खातो, फोटो काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी जरा यात्रेकरूसारखं जाऊ या.

बापूकुटीच्या भिंतीला जवळून पाहा. माती, बांबू, कवेलू. ज्याच्याशी बोलायला जगभरातून माणसं येत, तो या एवढ्याशा खोलीत का राहिला असेल? तिथं साप पकडायचा लाकडी चिमटा ठेवला आहे. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडून द्यायचा! जवळच बा कुटी आहे. बहुतेक जण दारातून डोकावून पुढं जातात. तुम्ही जरा थांबा. कस्तुरबांचा दिवस तिथं कसा जात असेल, याचा विचार करा.

आणि वर्धा शहरातलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर! जमनालाल बजाज यांनी १९२८ साली ते दलितांसाठी खुलं केलं. तेव्हा देशात फार थोड्या ठिकाणी असं घडत होतं. त्या दारातून आपण रोज सहज आतबाहेर करतो. त्या दारातून पहिल्यांदा आत जाणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल? उंबरठ्यावर त्याचा पाय क्षणभर अडखळला असेल का?

तर या आठवड्याचा गृहपाठ असा. कुठंही जा, अगदी शेजारच्या गावच्या बाजाराला गेलात तरी चालेल. आल्यावर वहीत तीन ओळी लिहा.

पहिली ओळ: सगळे जे पाहतात ते सोडून मला काय दिसलं?

दुसरी ओळ: तिथल्या एका माणसाशी मी काय बोललो किंवा बोलले?

तिसरी ओळ: ते पाहून मला माझ्या घरातलं, गावातलं किंवा शाळेतलं काय आठवलं?

तिसरी ओळ अवघड आहे. किंग यांना ती मुंबईच्या फुटपाथवर सुचली आणि त्रिवेंद्रमच्या शाळेत सुचली. तुम्हाला लगेच सुचली नाही तर घाई करू नका. ओळ कोरी सोडा, आणि पुन्हा एकदा जाऊन पाहून या!